लाल शिक्का

नातीची गोवर-रुबेलाची लस उद्यावर आली, आणि सुनेच्या फोनवर कुणीतरी या लसीमुळे ऑटिझम होतो असं सांगणारा व्हिडिओ धाडला. ती काही बोलली नाही, पण बाळाला थोपटताना तिचा हात मधेच थांबत होता.

रात्री मी त्या गोष्टीचं मूळ शोधत बसले. १९९८ सालचा, ‘द लॅन्सेट’मधला अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध, अवघ्या १२ मुलांवरचा. २०१० साली तो मागे घेतला, पण पुसून टाकलेला नाही. पानांवर ठळक लाल शिक्का: मागे घेतला आहे. त्या शिक्क्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. चूक झाकायची नाही, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची! (आमच्या घराण्यात हे कुणाला जमलेलं नाही.) व्हिडिओला तर ना तारीख, ना कर्ता.

मग डेन्मार्कचा २०१९ चा अभ्यास सापडला. साडेसहा लाखांहून जास्त मुलं. लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पानांवर ताप येतो, पुरळ उठतं, हेही लिहिलेलं. उणं सांगणाऱ्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

सकाळी सुनेला सगळं दाखवलं. तिने शांतपणे वाचलं.

“पटतंय हो आई,” ती म्हणाली, “पण पोटात गोळा येतो त्याचं काय करू?”