आधी पगार, मग नफा

नागपुरात मेडिकल चौकाजवळ आमच्या आईची मेस आहे. बारावी झाल्यावर मीही तिच्यासोबत कामाला लागले. रोजचं कॉलेज जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं तेच कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. पुस्तकं मराठीत, घरी वाचायची आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचं. शिकवणाऱ्यांना तिथं संमंत्रक म्हणतात. आम्ही आपले सरच म्हणायचो.

वर्गात हिंगणा एमआयडीसीतला सुपरवायझर होता, मेडिकल हॉस्पिटलमधल्या नर्सताई होत्या, सावनेरकडच्या कोळसा खाणीतले एक काका होते. व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं १९१६ साली मांडणारा हेन्री फेयॉल हा फ्रान्समधल्या कोळसा खाणीतला इंजिनिअर, असं सरांनी सांगितलं तेव्हा काका खुलले. ‘आदेशाची एकता’ आली तसे म्हणाले, ‘‘बरोबर आहे सर. दोन साहेबांनी दोन हुकूम सोडले का माणूस जागीच उभा राह्यते.’’

माझं डोकं अडकलं ते समविच्छेद बिंदूत. घरी येऊन वही घेतली. डब्याचे महिन्याला २,४०० रुपये. किराणा, भाजी, गॅस मिळून डब्यामागे १,८०० जातात. उरले ६००. जागेचं भाडं, पोळ्या लाटणाऱ्या मावशी आणि डबे पोचवणारा पोरगा यांचे १५,००० ठरलेलेच. म्हणजे पंचवीस डब्यांवर ना नफा ना तोटा, हाच तो बिंदू. आमचे तेव्हा पस्तीस डबे होते, म्हणजे महिन्याला ६,००० नफा.

आईनं विचारलं, ‘‘काय लिहून राहिली वं एवढं?’’

मी तिला उलट विचारलं, ‘‘तुझा पगार कुठं धरला आहे यात?’’

उत्पादनाच्या घटकांत श्रम वेगळे आणि संयोजन वेगळं, असं पुस्तकात होतं. आमच्याकडे दोन्ही एकटी आईच. पहाटे पाचला कणीक तीच भिजवणार आणि उधारीही तीच वसूल करणार. स्वयंपाकाला बाई ठेवली असती तर ९,००० द्यावे लागले असते. ते धरले की बिंदू चाळीस डब्यांवर जातो. आम्ही ज्याला नफा म्हणत होतो तो आईच्या मजुरीतलाच होता, आणि तोही पुरता नव्हता.

त्यात उन्हाळ्यात डबे लावणारी कॉलेजची पोरं गावी गेली की डबे पंधरावर यायचे. पण मेडिकलचे वॉर्ड मे महिन्यातही भरलेलेच. गडचिरोली, बालाघाटहून आलेले पेशंटचे नातेवाईक जेवणासाठी फिरत असतात, हे नर्सताईंनी सांगितलं. त्यांच्यासाठी आम्ही रोजच्या पैशांवर डबा सुरू केला: तीन पोळ्या, वरण-भात, भाजी, तिखट कमी, पेशंटनंही दोन घास खावेत म्हणून. रोज रोख, उधारी नाही.

आता हिशेबाच्या वहीत खर्चाची पहिली ओळ आईच्या पगाराची असते. ‘‘आपल्याच घरात कसला पगार वं?’’ असं ती अजूनही म्हणते. पण एक तारखेला पैसे मोजून घेते, आणि दहाची एखादी नोट फाटकी निघाली तर बदलूनही मागते.