वेगळी चूल

फर्स्ट इयरला होस्टेलवर आलो तेव्हा रूम पार्टनरने पहिल्याच रात्री विचारलं, "तू ख्रिश्चन? मग तुझं मराठी एवढं चांगलं कसं रे?" मी म्हटलं, "अरे, राहुरीचा आहे मी, लंडनचा नाही!" तेव्हापासून मेसमध्ये माझं नाव 'फादर' पडलं, आणि कुणाचं प्रेमप्रकरण बिनसलं की सल्ल्याला गडी माझ्याकडे येऊ लागले. मीही गंभीर चेहरा करून सांगायचो, "लग्न म्हणजे देवासमोर दिलेलं वचन. टिकवायचं असतं!" फुकटचं ज्ञान द्यायला काय जातं?

मागच्या नाताळात ते ज्ञान माझ्याच अंगावर आलं. घरी गेलो तर ताई दोन बॅगा घेऊन माहेरी आलेली. दाजींनी तिला एका शब्दाने न विचारता नोकरी सोडली होती आणि साठवलेले पैसे एका धंद्यात घातले होते. त्यात ताईचेही होते. मारहाण नाही, दारू नाही. पण "मला विचारलंच नाही," हे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आजीने ठरलेलं उत्तर दिलं, "बाईने सोसायचं असतं, बाळा." मग ताई माझ्याकडे वळली. "तू बोल की, फादर!" मला काही बोलता येईना.

सुट्टी संपवून नाशिकला परत आलो आणि लायब्ररीतून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढलं. आमच्या घरात हे पुस्तक बायबलशेजारी असतं, पण खरं सांगतो, मी ते पहिल्यांदा नीट वाचलं ते होस्टेलच्या कॉटवर.

मित्रांनो, लक्ष्मीबाई आपल्या नाशिकच्याच. 1868 साली त्यांचा जन्म झाला तो इथून जवळच, गोदाकाठच्या जलालपूरला. माहेरी सोवळं इतकं कडक, की वडील बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घेत. अकरा-बाराव्या वर्षी लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. तेच, शाळेत आपण ज्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकलो ते. माणूस मोठा, पण संसाराला अवघड. नोकरीत टिकायचे नाहीत, रागाच्या भरात घर सोडून जायचे, हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे. लक्ष्मीबाईंनी हे सगळं लिहिलंय, आणि असं लिहिलंय की वाचताना हसूही येतं आणि पोटात कालवतंही.

1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन माणसाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतका मोठा निर्णय, आणि बायको त्या वेळी नातलगांकडे! ज्या घरात मीठ धुतलं जाई त्या घरच्या मुलीचा नवरा किरिस्तांव झाला, म्हणजे तिच्या जगाचं काय झालं असेल, विचार करा. इथे मी पुस्तक मिटलं. ताईचं वाक्य आठवलं. "मला विचारलंच नाही."

पुढची जवळजवळ पाच वर्षं ही दोघं एकत्र संसार करत नव्हती. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्यातली काही वर्षं पंढरपुरात गेली. मला आधी वाटायचं, या काळात त्यांनी 'सोसलं', आणि म्हणून शेवटी सगळं गोड झालं. आजीचाही तोच अर्थ. पण पुस्तकात ते तसं नाही.

टिळकांना एक सोपी वाट होती. इंग्रज सरकारने 1866 साली खास कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्माच्या कारणावरून सहा महिने नांदायला आला नाही, तर त्याला कोर्टात जाता येई. कोर्ट विचार करायला वर्षभराची मुदत देई, आणि तरीही नकारच असेल तर लग्न मोडता येई. म्हणजे दीड-दोन वर्षांत मोकळं होऊन दुसरं लग्न करता आलं असतं. टिळकांनी ते केलं नाही. ते थांबले. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितलंय, की विश्वास न ठेवणारी बायको सोबत राहायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये. मात्र तिथेच पुढे असंही आहे, की ती स्वतःहून निघून गेली तर तो बांधलेला नाही. टिळकांना कायद्याने मोकळीक होती, शास्त्रानेही होती. दोन्ही त्यांनी वापरल्या नाहीत.

आणि लक्ष्मीबाई? त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या त्या हिंदू म्हणूनच. वेगळी चूल मांडली, वेगळा स्वयंपाक, स्वतःचं सोवळं. नवरा पाद्री लोकांत, बायको सोवळ्यात! टिळकांनी ते चालू दिलं. 'माझ्या घरी यायचं तर माझा धर्म घे' अशी अट घातली नाही. पुढे जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच काढलं. 1900 साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या गावाला! आमच्याकडे हे अभिमानाने सांगतात. पण त्याआधीच्या वेगळ्या चुलीबद्दल कुणी बोलत नाही. मला तर तीच महत्त्वाची वाटते.

मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात जरा क्लिअरन्स ठेवावाच लागतो. अजिबात जागा ठेवली नाही तर ऑइल कुठे राहणार? सगळं तापून जॅम होतं. जास्त ठेवली तर खडखडाट होतो, हेही खरं. वेगळी चूल म्हणजे तो क्लिअरन्स होता. ते तुटणं नव्हतं आणि एकाने दुसऱ्याला गिळणंही नव्हतं.

अर्थात हिशोब सारखा नव्हता. निर्णय एकाचा, आणि लोकांची बोलणी, परावलंबन, लेकराची काळजी हे सगळं दुसरीच्या वाट्याला. लक्ष्मीबाईंनी ते झाकलेलं नाही. नवऱ्यावर जीव होता म्हणून त्याच्या चुका बरोबर ठरवल्या नाहीत. 9 मे 1919 ला टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. ज्या बाईला रीतसर शाळा मिळाली नाही तिने ते काव्य पूर्ण केलं. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागलं, आणि 24 फेब्रुवारी 1936 ला नाशिकमध्येच लक्ष्मीबाईंनी डोळे मिटले.

पुस्तक संपलं त्या रात्री मी ताईला फोन केला. म्हटलं, "आजीचं ऐकू नकोस. सोसू नकोस. पण दारही लावून घेऊ नकोस." ती म्हणाली, "मोठा शहाणा झालास. मग करू काय?" मी म्हटलं, "वेगळी चूल मांड."

ताईने गावातल्या शाळेत नोकरी धरली. दाजींना स्पष्ट सांगितलं, की आधी पैशांचा पूर्ण हिशोब समोर ठेवा, पुढचं मग बोलू. पहिले दोन महिने ते फिरकले नाहीत. मग एका रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दिसले. उपासना झाली आणि गुपचूप निघून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या वेळी हातात एक वही होती. ती त्यांनी आमच्या ओट्यावर ठेवली, ताईने घेतली आणि रात्री उशिरापर्यंत एकेक आकडा तपासला.

हे सगळं ताईला विचारूनच लिहिलंय. (विचारणं किती महत्त्वाचं असतं ते आता कळलंय!) ताई अजून माहेरीच आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही आणि 'फादर'गिरी करून सांगणारही नाही. एवढंच सांगतो, की परवा आईचा फोन आला होता. म्हणाली, "या रविवारी तुझ्या ताईने स्वतःहून एक कप चहा जास्त टाकला."