आनंदभवनातली एकुलती एक लेक

त्रिवेणी संगमावर सासूबाईंची गंगापूजा झाली, माझं वेणीदान झालं. गाडी रात्रीची होती. “चला, नेहरूंचं घर बघून येऊ,” सासूबाई म्हणाल्या, नि आम्ही सायकलरिक्षा केली.

अलाहाबादला, म्हणजे आताच्या प्रयागराजला, ही दोन घरं शेजारी शेजारी आहेत. इंदिराजींचा जन्म (१९ नोव्हेंबर १९१७) जुन्या घरातला. ते मोतीलालजींनी १९३० साली काँग्रेसला देऊन टाकलं, तेच स्वराजभवन. नंतर बांधलेलं आताचं आनंदभवन इंदिराजींनी १९७० साली राष्ट्राला दिलं.

प्रशस्त व्हरांडे, पुस्तकांनी भरलेली कपाटं. सासूबाई म्हणाल्या, “एवढं घर नि एकच पोर! केवढे लाड झाले असतील!”

मलाही तसंच वाटायचं. पण मैत्रिणींनो, डिसेंबर १९२१ मध्ये वडील नि आजोबा एकदमच पकडले गेले, तेव्हा ही पोर अवघी चार वर्षांची. आजोबांच्या खटल्यात ती त्यांच्या मांडीवर बसली होती. दंड भरायचा नाही असं ठरलेलं, म्हणून पोलीस घरातलं सामान उचलून न्यायचे. आपल्या दारात असं कुणी आलं तर आपण मुलांना आत पिटाळू. ही मात्र पोलिसांवरच रागवायची! नेहरूंनी आत्मचरित्रात तसं लिहिलंय. स्वदेशीच्या दिवसांत आपली परदेशी बाहुलीसुद्धा तिनं स्वतःच्या हातानं जाळली.

तेरावा वाढदिवस आला तो १९३० साली. वडील यमुनेपलीकडे नैनीच्या तुरुंगात. गाव एकच, पण भेट नाही. त्यांनी भेट म्हणून पत्र लिहिलं. १ जानेवारी १९३१ ला आई कमलाबाईंनाही अटक झाली. मग त्याच वर्षी लेकीची रवानगी आपल्या पुण्याच्या शाळेत. १९३६ साली आई परदेशात, लोझानला वारली. २६ मार्च १९४२ ला आनंदभवनात लग्न झालं, तेव्हा अंगावर वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी होती.

साडीचं ऐकून सासूबाई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “बापाजवळ दुसरं होतं काय द्यायला?”

मला आमची दहा वर्षांची मुलगी आठवली. तिला माझ्या बहिणीकडे ठेवून आलो होतो. यांची नोकरी फिरतीची. महिन्यातले पंधरा दिवस घरी नसतात. येताना पोस्टात थांबून एक कार्ड घेतलं नि यांच्यापुढं ठेवलं. “अगं, फोन आहे की!” हे म्हणाले. मी म्हटलं, “फोनवरचं बोलणं विरून जातं. पत्र पेटीत राहतं.”

यांनी चार ओळी लिहिल्या. कार्ड आमच्यानंतर दोन दिवसांनी पोचलं. लेकीनं ते भूगोलाच्या वहीत घालून ठेवलंय, कुणाला हात लावू देत नाही.

प्रयागला गेलात तर संगमानंतर दोन तास या घरासाठी राखून ठेवा. मुलं बरोबर असतील तर फारच छान.