धार आणि उतार

मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांवर बर्फ रोज येतो, पण तो लाद्यांच्या रूपात, फोडून माशांवर पसरण्यासाठी. त्यावर उभे राहून वेग घेण्याची कल्पना या किनाऱ्यावर रुजण्याचे कारणच नव्हते, आणि म्हणून ‘आइस क्रॉस’ या खेळाचा विचार येथून करताना उतारापेक्षा धारेपासून आरंभ करणे उचित ठरते. २००१ मध्ये स्टॉकहोम येथे सुरू झालेल्या या खेळात कृत्रिमरीत्या गोठवलेल्या, वळणांच्या व उंच टप्प्यांच्या घसरणीवरून चार स्केटर एकाच वेळी खाली झेपावतात आणि वेग कधीकधी ताशी ७० किलोमीटरच्या पुढे जातो. महिलांसाठी जागतिक विजेतेपद २०१५-१६ च्या हंगामापासून सुरू झाले. त्यात अग्रस्थानी राहिलेली कॅनडाची जॅकलीन लेजेर चित्रपटांत स्टंट करणारी कलाकार आहे. पडण्याचे शास्त्र शरीराला आधीच ठाऊक असणे या खेळात किती मोलाचे, हे तिच्या व्यवसायावरूनच उमगते.

या खेळाच्या स्केटमध्ये पात्याच्या तळाला लांबीभर खोबण असते आणि तिच्या दोन्ही कडांना धार असते. खोबण खोल घेतली तर धार बर्फात घट्ट रुतते, मात्र घसरण मंदावते. उथळ ठेवली तर वेग मिळतो, पण कडक बर्फावरच्या वळणात पाय निसटतो. कोणत्या दिवशी किती खोली घ्यावी, हा निर्णय घेणारी स्केटर अर्धी शर्यत तेथेच खेळत असते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

महाराष्ट्रात या कलेच्या सर्वांत जवळचे उदाहरण पुण्याच्या श्रुती कोतवाल हिचे आहे. चाकांच्या स्केटिंगवरून बर्फाकडे वळलेल्या या खेळाडूचा प्रकार उताराचा नाही; ‘लाँग ट्रॅक’, म्हणजे ४०० मीटरच्या लंबवर्तुळाकार सपाट मार्गावर घड्याळाशी केलेली स्पर्धा, हा तिचा प्रकार, आणि त्यासाठी सराव परदेशातील बर्फावर करावा लागला. २०१७ च्या साप्पोरो आशियाई हिवाळी स्पर्धेत ती भारताकडून उतरली. चाक रस्त्याला धरून फिरते, तर पाते बर्फावर कललेल्या कडेच्या बळावरच पुढे ढकलते. त्यामुळे चाकांवर मांडीची ताकद आणि खाली झुकण्याची सवय कमावता येते, पण कडेची जाण तेथे मिळत नाही. ती मिळवायला बर्फच हवा; पण देहरादूनचे बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी उभे राहून पुढे कित्येक वर्षे बंद होते आणि २०२५ मध्ये पुन्हा उघडले. मधल्या काळात एका पिढीचे जे तास वाया गेले, त्यांची खंत वाटल्याशिवाय राहत नाही, कारण वीस वर्षांच्या पायांना दुसरी वीस वर्षे मिळत नाहीत.

वेगाच्या स्केटचे पाते जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे आणि खोबणीशिवाय सपाट असते, आणि १९९६-९७ च्या हंगामात डच महिलांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या ‘क्लॅप’ स्केटमध्ये टाच पात्यापासून सुटते, म्हणजे पाऊल उचलले तरी पाते क्षणभर अधिक बर्फावर टिकते. धार मात्र हातानेच लावायची असते: दोन्ही स्केट साच्यात उलटे आवळायचे, दगड सारख्या दाबाने पुढे-मागे फिरवायचा, मग कडेवरून नख अलगद ओढून पाहायचे. मासे कापण्याआधी विळीच्या पात्याला अंगठा आडवा लावून पाहणाऱ्या कोणाही बाईला ही परीक्षा समजावून सांगावी लागणार नाही. नखाचा बारीक भुगा कडेवर उरला की स्केट साच्यातून सोडवायचे.