तरवडीचा ‘दीनमित्र’

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपण सांगतो तो मुंबईत जन्मतो, बोरघाट चढून पुण्याला येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. ‘दर्पण’ १८३२, ‘प्रभाकर’ १८४१, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९, ‘केसरी’ १८८१. एवढी सनावळी पाठ असली की परीक्षेचे काम भागते. जुन्या नियतकालिकांच्या फायली चाळण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि आता ही वाट मला अपुरी वाटते. नगर शहरात ‘ज्ञानोदय’ १८४२ साली, म्हणजे पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’च्या सात वर्षे आधी सुरू झाला होता, हे किती जणांच्या ध्यानात असते? पण आज सांगायचे आहे ते नगर शहराच्याही पलीकडचे, नेवासे तालुक्यातल्या कुकाण्याजवळच्या तरवडी गावाचे. रेल्वे नाही, कचेरी नाही, कॉलेज नाही, अशा या गावातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ चालवला.

‘ग्रामीण भागातले पहिले वृत्तपत्र’ असा त्याचा उल्लेख होतो. पहिलेपणाच्या वादात मला फारसा रस नाही. मला नवल वाटते ते त्याच्या टिकण्याचे. २३ नोव्हेंबर १९१० रोजी पंचविशीतल्या तरुणाने सुरू केलेले पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, चालते. त्या सत्तावन्न वर्षांत पुण्यामुंबईची किती पत्रे निघाली आणि बुडाली!

वारसा दुहेरी होता. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. भालेकर म्हणजे जोतीराव फुल्यांचे सहकारी. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला आणि बहुजन समाजाला स्वतःचे पत्र मिळाले. मुकुंदराव दत्तक गेले ते तरवडीच्या गणपतराव पाटलांच्या घरात. याच गणपतरावांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ नावाचे मासिक चालवले होते. ते वारले आणि मासिक बंद पडले. मुकुंदरावांनी पुढे ते नाव उचलले, तेव्हा जन्मदात्याचा वसा आणि दत्तक घराची मालमत्ता दोन्ही एकाच पत्रात आली. भालेकरही १९१० सालीच गेले.

साल कसे होते तेही पाहायला हवे. टिळक मंडालेला होते. त्याच फेब्रुवारीत नवा प्रेस कायदा आला होता आणि नव्या छापखानदाराकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याची मुभा सरकारला मिळाली होती. पाचशे रुपये ही तेव्हा खेड्यातल्या कोणाच्याही गाठीला असणारी रक्कम नव्हे. असल्या दिवसांत पत्र काढायला निघालेला माणूस एक तर भोळा असतो, नाही तर त्याच्या पायाखाली स्वतःची जमीन असते. मुकुंदराव पाटील होते, शेतकरी होते. पत्र कोणा शेटजीच्या पैशावर उभे नव्हते, म्हणून शेटजीवर लिहिता आले. ‘शेटजीप्रताप’ हे त्यांच्या एका पुस्तकाचेच नाव आहे.

पुढे छापखानाही गावातच आला. ज्यांनी खिळ्यांची छपाई पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. देवनागरीची एक ओळ जुळवायची म्हणजे तीन मजल्यांचे काम: वर वेलांट्या-मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. जोडाक्षरांचे खिळे निराळे. त्यामुळे कंपोझिटरसमोरच्या केसमध्ये शेकडो घरे असतात आणि त्याचा हात न बघता बरोबर घरात जावा लागतो. खिळा उलटा, ओळही उलटी वाचायची. अक्षराबाहेर डोकावणारी मात्रा छापताना दाबाखाली मोडते. शहरातल्या छापखान्यात मोडका खिळा टाकून नवा घेता येतो. खेड्यात नवे खिळे येईपर्यंत झिजलेल्यावरच भागवावे लागते. जुन्या छोट्या पत्रांत कुठे ‘के’चा ‘क’ झालेला, कुठे शेवटच्या स्तंभाला टाईप निराळाच लागलेला दिसतो, तो याच ओढाताणीने. अशा पानावर अशुद्धलेखनाचा शेरा मारणाऱ्यांना एकदा केसपुढे उभे करावे, असे मला नेहमी वाटते. अंक छापून झाला की घड्या, वेष्टने, पत्ते. पुढची भिस्त टपालाच्या सवलतीच्या दरावर आणि वर्गणीदाराच्या इमानावर. यांतला दर बरा होता. थकलेल्या वर्गणीचे रडगाणे त्या काळच्या बहुतेक पत्रांत आहे.

खेड्यात साक्षर थोडे. मग वाचणार कोण? इथे मुकुंदरावांनी ओळखलेली गोष्ट फार मोलाची आहे. आपल्या गावांना छापील मजकूर कानाने घेण्याची सवय होती. चातुर्मासात पोथी लागते, एक वाचतो आणि ओसरी भरून माणसे ऐकतात. ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय तर निरक्षर बायकांनाही मुखोद्गत. मुकुंदरावांनी गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरातले गैरव्यवहार नेमके याच घाटात सांगितले: ओव्या, अध्याय आणि नावही ‘कुळकर्णी लीलामृत’. देवाच्या लीलांच्या जागी वतनदाराच्या लीला. सारा, खाते, फेरफार यांतली लबाडी जी रयतेला कळत होती पण धड सांगता येत नव्हती, ती आता सुरावर वाचता येऊ लागली. त्यावर मोठा गदारोळ उठला, यात नवल नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त केली, त्यामागे अनेक कारणे आहेत आणि श्रेय एका पुस्तकाला देणे बरोबर नाही. पण लोकांच्या मनाची मशागत अशा पोथीने होते, हे मी नक्की म्हणेन.

‘दीनमित्रा’ची भाषा सगळीकडे आवडावी अशी नाही. ती फटकळ आहे, कधी एकच घाव चार वेळा घालते आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’सारख्या कादंबरीचे नावच तिच्या चवीचा अंदाज देते. पण सोवळ्या मराठीत हा मजकूर बसला नसता.

पत्राचे वजन शहरालाही कळले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा वारंवार करणाऱ्या पत्रांची यादी आंबेडकरांनी अग्रलेखात दिली आहे. ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ ही नावे त्यात आहेत आणि पहिले नाव ‘दीनमित्र’चे. त्या पत्रांत या प्रश्नांना जागा अपुरी पडते, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, हेही त्यांनी तिथेच मांडले. दोन्ही विधाने एकत्र वाचावीत. ‘दीनमित्रा’चा मोठेपणा आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यात आहेत.

दुसरी मर्यादा घरातलीच होती. ज्या जमिनीने आणि ज्या माणसाने पत्र उभे ठेवले, त्या माणसाबरोबर ते संपले. संपादकापलीकडे जगणारी संस्था तयार झाली नाही. भालेकरांनंतरही ‘दीनबंधु’ चालला, कारण नारायण मेघाजी लोखंडे मिळाले. तरवडीला लोखंडे मिळाले नाहीत.

आता वाचकांना एक विनंती. नगर, औरंगाबाद, बीड भागांतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर, पोथ्यांच्या रुमालांत किंवा दप्तरांत असे अंक अजून निघू शकतात. निघाला तर रद्दीत घालू नका आणि लॅमिनेशनही करू नका. ते कागदाला मारते. कोरड्या कापडात गुंडाळून जवळच्या विद्यापीठाला किंवा जुन्या ग्रंथालयाला कळवा. अंकाबरोबर टपालाचे वेष्टन सापडले तर ते आवर्जून जपा. मजकूर कधी दुसऱ्या प्रतीतून मिळतो. पण अंक कोणत्या गावात, कोणाच्या दारात जात होता, हे त्या वेष्टनावरच्या पत्त्याखेरीज दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते.