मोजून घ्या

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल उपरणं टाकून आधी एकाची बोटं दाबायचा, मग दुसऱ्याची, आणि तोंडातून शब्द न निघता आकडा ठरायचा. लहानपणी मला त्या रुमालाचं फार कुतूहल होतं. पण मनात राहिलं ते त्याच्या नंतरचं. सौदा पटला की पैसे मात्र उघड्यावर मोजले जायचे. घेणारा नोटा पुढं करून म्हणायचा, "मोजून घ्या." वडील मोजायचे, मग तो गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणायचे, "आता तू मोज." समोरचा माणूस ओळखीचा असायचा, कधी सोयराही असायचा. त्याला राग आलेला मी पाहिला नाही. वडिलांनी न मोजता पैसे कोपरीत घातले असते, तर घरी जाईस्तोवर त्यालाच घोर लागला असता.

पुढं सतरा वर्षं फौजेत आणि तेवीस वर्षं पोलिसात जे काम केलं त्याला कुणी पहारा म्हणतं, कुणी बंदोबस्त, कुणी सुरक्षा. माझ्यापुरतं ते सगळं काम बाजारातल्या त्या दोन शब्दांत मावतं.

हे पहिल्यांदा कळलं ते बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये. फायरिंग रेंजवरचा दिवस होता. तेव्हा आमच्या हातात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल असायची. गोळी सुटली की पितळी खोकं उजवीकडं उडतं. जितकी जिवंत काडतुसं दिली, तितकी रिकामी खोकी परत जमा करायची असतात. त्या दिवशी एक कमी भरलं. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी आवाज चढवला नाही. आम्हाला एका ओळीत गुडघ्यावर बसवलं आणि गवत हातानं विंचरत पुढं सरकायला सांगितलं. ऊन उतरलं, पोटात कावळे ओरडू लागले, तरी ओळ सरकतच होती. शेवटी ते सापडलं, कुणाच्या तरी कोपराखाली दबून मातीत रुतलेलं. उस्तादांनी ते फुंकर मारून साफ केलं, बाकीच्यांत टाकलं आणि सगळी खोकी पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग एकेकानं सावधान उभं राहून सांगायचं, "मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली केस नहीं है, श्रीमान." त्या रिकाम्या पितळेची किंमत काय, असं तेव्हा मनात आलं होतं. आज वाटतं, एक रिकामं खोकं सोडून द्यायला शिकलेला माणूस उद्या एक जिवंत राउंडही सोडून देईल. पितळेसाठी आम्ही रांगत नव्हतो, आकडा जुळेपर्यंत जागचं न हलण्याची सवय अंगात मुरत होती.

तसंच रायफल हातात घेण्याचं. कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, समोरच्या जवानानं तुमच्या डोळ्यांदेखत मॅगझीन काढली, चेंबर रिकामं करून दाखवलं, तरी हत्यार तुमच्या हातात आलं की तुम्ही तेच सगळं पुन्हा करायचं. अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. सख्ख्या भावानं दिलेली रायफल असली तरी. यात समोरच्याचा अपमान होतो असं आमच्यात कुणाला वाटत नाही.

माझ्या बरोबरचा एक जण फौजेतून सुटल्यावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये भरती झाला. मुख्यतः माजी सैनिकांना पुन्हा घेणारं हे दल. देशभरची संरक्षण खात्याची भांडारं, कोठारं, कारखाने ते राखतं. त्याची काही वर्षं वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात गेली. सुट्टीवर आला की तो तिथल्या गेटबद्दल बोलायचा. काडेपेटी, लायटर, मोबाइल, सगळं बाहेर जमा. तो म्हणायचा, "चोराची भीती कमी रे. आपल्याच माणसाच्या खिशात विसरून राहिलेल्या काडीची भीती जास्त." ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या भांडारात आग लागून स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी गेले, आणि गेलेल्यांत सर्वांत जास्त होते ते आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे लोक. माझा मित्र तेव्हा दुसरीकडं बदलून गेला होता. त्या दिवशी त्याचा फोन आला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग एकेक नाव घेऊन सांगू लागला, याच्याशी बोलणं झालं, याचा फोन लागत नाही. तो आपली माणसं मोजत होता.

मी २००० साली माजी सैनिकांच्या राखीव जागेतून पोलिसात शिपाई म्हणून लागलो. खाकी चढवली तेव्हा वाटलं, काम तेच, कपडे वेगळे. पहिलीच नेमणूक एक-तीनच्या गार्डवर. एक हवालदार, तीन शिपाई. दोन तास पहारा, चार तास आराम, असं तिघांत चोवीस तास बसतात. रात्री दोन ते चारचा पहारा सर्वांत जड. त्या वेळी डोळे उघडे असतात, पण मागचा माणूस निजलेला असतो. पहारा बदलताना राउंड मोजायचे, किल्ल्या मोजायच्या आणि लॉकअपमधली माणसं मोजायची. घोंगडीच्या आकारावरून माणूस मोजायचा नाही. त्याला हाक मारायची, तोंडावरचं पांघरूण बाजूला करायला लावायचं, चेहरा पाहायचा. वैतागलेला कैदी शिव्या द्यायचा. देऊ द्यायच्या. तो आत आहे आणि त्याचा श्वास चालू आहे, या दोन्ही गोष्टी मला माझ्या डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत. दुसरी पहिलीइतकीच महत्त्वाची. ताब्यातला माणूस ही सरकारनं घेतलेली सर्वांत मोठी जोखीम आहे, आणि ज्याच्या पहाऱ्यात तो जिवानिशी जातो, त्यानं पहारा केला असं मी मानत नाही.

तुकाराम ओंबळे साहेबही माझ्यासारखेच फौजेतून पोलिसात आलेले. साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यातले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांच्या हातात लाठी होती आणि समोर एके-४७. त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. म्हणून मुंबईवर हल्ला करणाऱ्यांतला कसाब जिवंत सापडला. पुढल्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांचं नाव निघालं की माझ्या छातीत आजही काहीतरी हलतं. त्या रात्रीनंतर मी प्रत्येक नाकाबंदीला उभं राहण्याआधी मोजत आलो: आपण किती, हत्यारं किती, नुसत्या काठ्या किती. आकडा मनाजोगता नसला तरी उभं राहावं लागायचंच. पण तो वरिष्ठांच्या कानावर घालून आणि डायरीत लिहूनच मी उभा राहायचो.

आता जे सांगायचं आहे ते सोपं नाही. एका ठाण्यात माझ्याकडं मुद्देमाल कक्षाचा चार्ज आला. जाणाऱ्या हवालदारांची गाडीची वेळ झाली होती. त्यांनी यादी पुढं केली. पुडकी शंभरावर. मी पुडकी मोजली, लाखेची सीलं पाहिली आणि सही केली. आतलं काही पाहिलं नाही. वर्षभरानं कोर्टाच्या हुकमानं एका बाईला तिचे चोरीला गेलेले जिन्नस परत द्यायचे होते. सील शाबूत होतं. यादीत चांदीची जोडवी चार नग. पुडक्यातून निघाली तीन. त्या बाईनं ती तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताच्या बोटानं एकेक बाजूला सरकवून मोजली. परत मोजली. माझ्याकडं पाहिलं, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पंचनाम्याच्या वेळीच मोजण्यात चूक झाली असेल, वा वाटेत कुठं एक निसटलं असेल. खातं विचारत होतं ते एवढंच, की सही कुणाची. सही माझी होती. चौकशी झाली, शिक्षा झाली, ती मी भोगली आणि संपली. संपलं नाही ते त्या बाईचं बोट. जोडवी जोडीनं असतात. राहिलेलं एक ती कुठल्या पायात घालणार होती?

त्यानंतर मी ठाण्यात मोजायला लागलो ते शब्दही. फिर्याद घेताना खाली लिहायचा ठराविक मजकूर असतो: माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. हे वाक्य हजारो कागदांवर लिहिलं जातं आणि वाचून दाखवायचं राहून जातं. मी वाचून दाखवायचो, म्हाताऱ्या आजीला अंगठा लावण्याआधी दोनदा. कितीतरी वेळा आजी मध्येच थांबवायची, "असं नाही म्हणले बाबा मी." मग खोडून दुरुस्त करायचं, खोडल्याजागी पुन्हा अंगठा. २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढलं, तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण मनापासून बरं वाटलं. टेबलासमोर बसलेल्या माणसाची नजर पहिल्यांदा त्या पट्टीवर जाते हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आडनाव वाचलं की निम्मा जबाब तो तिथंच गिळतो. मग वाचून दाखवून तरी काय उपयोग?

आमच्या बालाघाटावरची अर्धी भांडणं तर मोजण्याचीच. दसरा झाला की गाड्या भरतात, माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन जिवंत माणसं मिळून एक कोयता धरायचा, हा हिशोब ज्यानं पहिल्यांदा केला त्याच्याबद्दल माझ्या मनात राग आहे. उचल घेतली किती, कागदावर लिहिली किती, फिटली किती, यावरून मारामाऱ्या होतात, माणसं डांबून ठेवली जातात. कधी मुकादमच बुडतो आणि जमीन विकून कारखान्याचं देणं भागवतो. तक्रार घ्यायला बसलो की दोघांनाही माझा पहिला प्रश्न तोच असायचा: पैसे हातात आले तेव्हा मोजले कुणी? बहुतेक वेळा बाईनं मोजलेले नसायचे. तिच्या वाट्याचा निम्मा कोयता, पण अंगठा नवऱ्याचा.

निवृत्तीनंतर गावातच आहे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं, नाहीतर ओसरीवर म्हातारी आणि दोन लहान नातवंडं. पूर्वी गावाची वेस येसकर राखायचा. सगळं गाव त्याच्या भरवशावर झोपायचं आणि तो स्वतः वेशीबाहेरच्या वस्तीत राहायचा. त्याच्या पहाऱ्याचं मोल गावानं कधी मोजून दिलं नाही, भाकरतुकडा दिला आणि वर शिवताशिवत पाळली. पहाऱ्यावर लिहायला बसलं की तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या धंद्यातला तो माझ्या कितीतरी आधीचा.

दसऱ्यानंतर शेजारचे लोक किल्ल्या माझ्याकडं देऊन जातात. ओट्यावरच्या फळीला मी खिळे मारले आहेत, प्रत्येक खिळ्याखाली खडूनं नाव. पहिल्या वर्षी शेजारची सून किल्ली ठेवून निघाली, तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, "आधी घरात चल, काय काय आहे ते दाखव, मी वहीत लिहून घेतो." तिला वाईट वाटलं. "काका, तुमच्यावर विश्वास नसता तर किल्ली दिली असती का?" गाडीचा हॉर्न वाजत होता, नवरा हाका मारत होता. तरी तिला आत नेली. पत्र्याची पेटी, तांब्याचे दोन हंडे, शिलाई मशीन, देव्हाऱ्यातला टाक. पेटी उघडायला लावली. तळाशी लुगड्याच्या घडीत फडक्याची गाठ होती. ती तिनं सोडली आणि खाली मान घालून मोजून दाखवली. मी लिहिलं, वाचून दाखवलं, तिनं सही केली. ती पाचवी शिकलेली आहे.

होळी उलटली, गाड्या परतल्या. ती रात्री उशिरा आली. अंगाला उसाच्या पाचटाचा वास, हाताला चिरा पडलेल्या. मी किल्ली आणि वही दिली. तिनं कुलूप काढलं, दिवा लावला आणि दारातून म्हणाली, "काका, झोपा आता, सकाळी बघू."

मी उंबऱ्याबाहेर उभाच राहिलो. म्हटलं, "मोजून घे बाई, मी थांबतो."

ती पेटीपाशी बसली.