डोळा आणि घसा

डोळे आले की तो डोळ्यांचा आजार आणि ताप-खोकला असला की घशा-छातीचा, ही वाटणी मी प्रॅक्टिसमध्ये बरीच वर्षं पाळली. डोळ्यांना ड्रॉप्स, घशाला गोळ्या. दोन्ही एकदम आलं तर योगायोग. हे मत मी आता सोडलं आहे.

ते सोडायला लावलं नेदरलँड्समधल्या २००३ च्या साथीने. तिथे कोंबड्यांमध्ये एच७एन७ जातीचा बर्ड फ्लू पसरला. बाधित पक्ष्यांशी संबंध आलेले कामगार आणि त्यांच्या घरची काही माणसं मिळून ८९ जणांना लागण झाल्याचं सिद्ध झालं. त्यांतल्या ७८ जणांचे फक्त डोळे आले होते! फ्लू म्हणजे सणकून ताप आणि अंगदुखी, असं शिकलेल्या माझ्यासारख्याला हा आकडा सहज पचला नाही. विषाणूही घशापेक्षा डोळ्यांच्या नमुन्यांत जास्त सापडत होता. त्याच साथीत एक पशुवैद्य न्यूमोनियाने दगावला, आणि त्याचे डोळे आलेच नव्हते. म्हणजे लाल डोळ्यावरून आजार किती गंभीर आहे ते कळत नाही. विषाणू शिरला असावा एवढीच शंका घेता येते, पण साथ वेळेत ओळखायला तेवढी शंकाही मोलाची. २०२४ मध्ये टेक्सासात गाईंच्या गोठ्यावर काम करणाऱ्या एकाला एच५एन१ जातीचा बर्ड फ्लू झाला, तोही लाल डोळ्यांवरूनच लक्षात आला.

तसं पाहिलं तर डोळा आणि नाक वेगळे कुठे आहेत? डोळ्यातलं पाणी बारीक नळीने नाकातच उतरतं. ॲडेनोव्हायरस तर ताप, घसा आणि डोळे तिन्ही एकदम धरतो, आणि त्यावर अँटिबायोटिक ड्रॉप्सचा काही उपयोग नसतो.

प्रत्येक लाल डोळ्यामागे फ्लू असतो असं मी म्हणत नाही. धूळ असते, ॲलर्जी असते, साधी डोळ्यांची साथ असते. पण आता मी विचारतो: ताप आहे का, घरात कुणाला पडसं आहे का, कोंबड्या पाळता का? नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला होता, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे परका नाही.

गोवरात तर पुरळ उठायच्या आधीच ताप, खोकला, सर्दी आणि लाल डोळे दिसतात, आणि मूल तेव्हापासूनच आजार पसरवत असतं. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने बालकं गेली. तशी लक्षणं असलेल्या मुलाला मी बाहेरच्या बाकावर बसू देत नाही. आधी आत घेतो आणि आईला गोवराच्या लशीचं कार्ड मागतो.